शाकाहारी असूनही शुगर का वाढते? ‘प्लांट-बेस्ड’ ताटाचं गणित नेमकं कुठं चुकतं?

“आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, मग शुगर आली कुठून?”

लॅबचा रिपोर्ट हातात पडला की शाकाहारी घरात हा प्रश्न हमखास येतो. उत्तर शोधायला मोबाईल उघडावा तर तिथं वेगळाच गोंधळ. एक रील सांगतं की दूध आणि मांस सोडा, तीन महिन्यांत डायबेटीस गायब. बोटानं जरा वर सरकवलं की दुसरं रील सांगतं, भात आणि पोळी हेच खरं विष. माणसानं ऐकायचं तरी कुणाचं?

गंमत अशी की दोन्ही रीलमध्ये थोडं थोडं खरं आहे. वनस्पतीजन्य आहारानं शुगर, कोलेस्टेरॉल आणि वजन सुधारू शकतं, हे संशोधनात दिसलेलं आहे. पण ‘शाकाहारी’ आणि ‘तब्येतीला चांगलं’ हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत, हेही संशोधनातच दिसलंय. आपली गल्लत होते ती इथंच. ती नीट समजून घेऊ.

मेटाबॉलिक हेल्थ म्हणजे काय?

खाल्लेल्या अन्नाचं शरीर काय करतं, किती वापरतं आणि किती साठवतं, या सगळ्या कारभाराला मेटाबॉलिझम म्हणजे चयापचय म्हणतात. हा कारभार बिघडतोय का, हे बघायला डॉक्टर मुख्यतः पाच गोष्टी मोजतात.

कमरेचा घेर भारतीय पुरुषात ९० आणि बाईत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. उपाशीपोटी शुगर १०० किंवा त्यावर. ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा त्यावर. ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल पुरुषात ४० पेक्षा आणि बाईत ५० पेक्षा कमी. आणि बीपी १३०/८५ किंवा त्यावर. यातल्या कुठल्याही तीन गोष्टी जमल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. पुढं डायबेटीस आणि हार्टच्या दुखण्याचा रस्ता बऱ्याचदा इथूनच जातो.

आपल्याकडे ही अडचण किती मोठी आहे? आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये ‘लॅन्सेट डायबेटीस अँड एंडोक्रायनॉलॉजी’मध्ये आले. त्यानुसार देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटीस आणि १३.६ कोटी लोकांना प्रीडायबेटीस असल्याचा अंदाज आहे. म्हणजे डायबेटीस झालेल्यांपेक्षा उंबरठ्यावर उभे असलेले जास्त आहेत. खाण्यातल्या बदलाचा सगळ्यात जास्त फायदा होऊ शकतो तो याच लोकांना.

‘प्लांट-बेस्ड चांगलं’ हे आलं कुठून?

या विषयातलं एक गाजलेलं संशोधन अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठाचं आहे. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या सुमारे ६१ हजार लोकांची माहिती त्यांनी तपासली आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. मांसाहार करणाऱ्यांमध्ये टाइप-२ डायबेटीस ७.६ टक्के लोकांना होता, तर दूध-अंडंही न खाणाऱ्या व्हिगन लोकांमध्ये फक्त २.९ टक्के. वजनाचा फरक हिशोबात धरला तरी व्हिगन लोकांचा धोका साधारण निम्माच दिसला.

पण अशा पाहणीत एक अडचण असते. जो माणूस ठरवून मांस सोडतो, तो बऱ्याचदा व्यायामही करतो, सिगारेटही टाळतो. मग फायदा नेमका कशाचा झाला?

म्हणून मग प्रयोग झाले. नेटफ्लिक्सवर २०२४ च्या सुरुवातीला जुळ्यांची एक मालिका आली होती. ती स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ज्या प्रयोगावर बेतलेली होती, त्यात एकसारख्या जुळ्यांच्या २२ जोड्या घेतल्या होत्या. एकाला आठ आठवडे व्हिगन जेवण, दुसऱ्याला मांस-अंडी असलेलं जेवण. दोघांच्याही ताटात भाज्या, फळं आणि अख्खी धान्यं भरपूर होती. शेवटी व्हिगन भावंडांचं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल, उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि वजन हे तिन्ही दुसऱ्या भावंडांपेक्षा जास्त उतरलं.

त्याच्या बऱ्याच आधी, २००६ मध्ये, डॉ. नील बर्नार्ड आणि सहकाऱ्यांनी टाइप-२ डायबेटीस असलेल्या ९९ जणांवर २२ आठवड्यांचा प्रयोग केला होता. कमी तेलाचा व्हिगन आहार घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांची औषधं कमी करता आली. डायबेटीसचा नेहमीचा आहार घेणाऱ्या गटात हे प्रमाण २६ टक्के होतं.

यामागची कारणंही बऱ्यापैकी माहीत आहेत. डाळी, भाज्या आणि अख्ख्या धान्यातला चोथा म्हणजे फायबर साखर रक्तात हळूहळू जाऊ देतं. पोट कमी कॅलरीत भरतं, त्यामुळं वजन उतरतं. जनावरांच्या चरबीतलं सॅच्युरेटेड फॅट कमी झालं की एलडीएलही खाली येतं.

इथपर्यंत पहिलं रील बरोबर वाटतं. आता पुढं बघू.

वडापावही प्लांट-बेस्डच आहे की

बटर लावलं नाही तर वडापाव शंभर टक्के व्हिगन आहे. कोल्ड्रिंकही व्हिगन, तळलेले वेफर्सही व्हिगन. साखरेचा पाक तर पूर्ण उसातूनच येतो.

हार्वर्डच्या संशोधकांनी नेमका हाच मुद्दा पकडला. अमेरिकेतल्या सुमारे दोन लाख आरोग्य कर्मचाऱ्यांची अनेक वर्षांची माहिती त्यांच्याकडे होती. त्यांनी वनस्पतीजन्य खाण्याचे दोन भाग केले. एकात अख्खी धान्यं, डाळी, भाज्या, फळं, शेंगदाणे, बदाम-अक्रोड. दुसऱ्यात मैदा, पांढरा भात, बटाटे, गोड पेयं आणि मिठाई.

२०१६ मध्ये आलेला निष्कर्ष असा होता की पहिल्या प्रकारचं खाणं सर्वांत जास्त असलेल्यांना टाइप-२ डायबेटीसचा धोका ३४ टक्के कमी होता. दुसऱ्या प्रकारचं खाणं सर्वांत जास्त असलेल्यांना तोच धोका १६ टक्के जास्त होता. दोन्ही वनस्पतीच, तरी परिणाम एकदम उलटे.

म्हणजे ताटात काय नाही यावर तब्येत ठरत नाही. मांस काढलं, तर त्या जागी काय आलं, यावर सगळा खेळ आहे.

आता आपल्या ताटाकडे या

अमेरिकेतला व्हिगन माणूस बहुतेक वेळा विचार करून तसा झालेला असतो. आपल्याकडे शाकाहार हा घरातून, जातीतून, पंथातून चालत आलेला असतो. तो तब्येतीसाठी निवडलेला नसतो. त्यामुळं तिथल्या व्हिगन लोकांचे आकडे इथल्या पोळी-भाजी-भाताला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

आयसीएमआर-इंडियाबचाच आहारावरचा मोठा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. एक लाख एकवीस हजारांहून जास्त प्रौढ लोकांची माहिती त्यात आहे. भारतीय माणसाच्या रोजच्या कॅलरीपैकी सुमारे ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांमधून म्हणजे कार्ब्समधून येतात, असं त्यात दिसलं. तीही मुख्यतः पांढरा भात, दळलेली धान्यं आणि साखर यांतून. प्रोटीन मात्र तोकडं.

साधा हिशोब करून बघा. एका मध्यम पोळीत साधारण २० ग्रॅम कार्ब्स आणि ३ ग्रॅम प्रोटीन असतं. प्रौढ माणसाला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन घ्यायला सांगतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास ५० ग्रॅम. हे पोळीच्या भरवशावर गाठायचं म्हटलं, तर प्रत्येक ग्रॅम प्रोटीनमागं सहा-सात ग्रॅम कार्ब्स फुकट गळ्यात पडतात.

“पण आम्ही वरण खातो ना!” खातो, पण कसं? पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ बऱ्याचदा १५-२० ग्रॅमच असते. म्हणजे प्रोटीन जेमतेम ४ ग्रॅम. बाकी पाणी आणि फोडणी.

आता दिवस आठवा. सकाळी पोहे, सोबत साखरेचा चहा आणि बिस्किटं. दुपारी पोळ्या, बटाट्याची भाजी, भात. संध्याकाळी चिवडा. रात्री मऊ भात नाहीतर पुन्हा पोळी-भाजी. यात मांस कुठंच नाही, पण पिठूळ पदार्थ नाहीत असं एकही खाणं नाही. उपवासाच्या दिवशी तर एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च आहे. त्यात प्रोटीन नावालाच. खिचडीत जे काही प्रोटीन असतं, ते शेंगदाण्याच्या कुटाचं.

पोळीऐवजी भाकरी खाल्ली की झालं?

याच २०२५ च्या अभ्यासातला हा भाग अनेकांना खटकेल. एकूण कार्ब्स तेवढेच ठेवून फक्त भात किंवा दळलेल्या धान्याच्या जागी गहू नाहीतर ज्वारी-बाजरी-नाचणीचं पीठ आणलं, तर डायबेटीसचा धोका कमी झालेला दिसला नाही. पण कार्ब्समधल्या ५ टक्के कॅलरी काढून त्या जागी डाळींचं किंवा दुधाचं प्रोटीन आणलं, की डायबेटीस आणि प्रीडायबेटीसची शक्यता कमी दिसली. अंडी आणि माशांच्या प्रोटीनबाबतही तेच दिसलं, लाल मांसाबाबत मात्र नाही.

याचा अर्थ भाकरी वाईट असा नाही. ज्वारीत फायबर चांगलं असतं. पण तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या, एवढ्यानं गणित सुटत नाही. एक भाकरी कमी करून तिच्या जागी उसळ वाढली, तर सुटतं.

जास्तीचं पीठ शरीरात जातं कुठं?

जेवल्यावर रक्तात आलेली साखर ठेवायला शरीराकडे गोदामं आहेत. सगळ्यात मोठं गोदाम स्नायूंचं, दुसरं लिव्हरचं. ही गोदामं भरली आणि हालचाल नसल्यानं रिकामी झालीच नाहीत, तर जास्तीच्या साखरेची लिव्हर चरबी बनवतं. त्यातली काही लिव्हरमध्येच साचते, त्यालाच आपण फॅटी लिव्हर म्हणतो. काही ट्रायग्लिसराइड्स म्हणून रक्तात उतरते. म्हणूनच तूप-लोणी न खाणाऱ्या माणसाचेही ट्रायग्लिसराइड्स वाढलेले दिसतात. चरबीनं भरलेलं लिव्हर मग इन्सुलिनला दाद देत नाही आणि शुगर चढायला लागते.

आपलं दुखणं असं की आपलं मोठं गोदामच मुळात लहान आहे. हे दाखवून देण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ही बाळं ब्रिटिश बाळांपेक्षा वजनानं बरीच कमी होती, पण त्यांच्या अंगातल्या चरबीत त्या मानानं घट नव्हती. कमी होते ते स्नायू. ‘बारीक पण चरबीदार’ अशी ही ठेवण जन्मापासूनच दिसली.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. एकच फोटो, पण भारतीय शरीराची अडचण त्यात एका नजरेत कळते.

त्यामुळं “मी तर बारीक आहे” यावर विसंबू नका. वजनकाट्यापेक्षा कमरेची टेप जास्त खरं बोलते. प्रोटीन आणि व्यायाम हे दोन्ही सोबत लागतात तेही याचसाठी. स्नायू वाढले की गोदाम वाढतं. जेवणानंतर चाललं की ते थोडं रिकामं होतं.

बी१२ कडे कानाडोळा नको

व्हिटॅमिन बी१२ कुठल्याही वनस्पतीत भरवशानं मिळत नाही. स्पिरुलिना किंवा आंबवलेल्या इडली-डोशातून ते भागतं, हे दावे विश्वासाचे नाहीत. दूध-दह्यातून थोडं मिळतं, पण चहातल्या दुधावर काम भागत नाही.

पुण्याच्या त्याच अभ्यासात जवळपास दोन तृतीयांश गरोदर बायकांचं बी१२ कमी निघालं. ज्या आयांचं बी१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यात जास्त दिसली. म्हणजे हा प्रश्न एका माणसापुरता राहत नाही.

डायबेटीस असलेल्यांसाठी आणखी दोन मुद्दे. मेटफॉर्मिन हे शुगरचं नेहमीचं औषध बरीच वर्षं घेतलं की बी१२ आणखी कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या, बधिरपणा आला की आपण तो शुगरच्या खाती टाकतो, पण कारण बी१२ चंही असू शकतं. शिवाय बी१२ किंवा लोह कमी असल्यानं अॅनिमिया असेल, तर तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीए१सी टेस्ट आहे त्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकते.

पूर्ण व्हिगन असाल तर बी१२ ची गोळी लागतेच. दूध घेणारे शाकाहारी असाल तर डॉक्टरांना विचारून एकदा तपासून घ्या. वेळेत कळलं तर उपाय सोपा आहे. उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.

मग ताटात बदल काय करायचा?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. २००० कॅलरीच्या शाकाहारी दिवसासाठी त्यांचा हिशोब साधारण असा आहे: भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, तेल-तूप २७ ग्रॅम. धान्य आणि डाळींचं वजन कच्चं धरलंय. आपल्या घरात यातलं धान्य सहज ओलांडलं जातं आणि डाळ-भाजी निम्म्यावरच थांबते.

ते जुळवायला महागडे पदार्थ आणायची गरज नाही.

१. ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबिरीचा, पाव भाग घट्ट वरण किंवा उसळीचा आणि पाव भाग भात-पोळी-भाकरीचा. बटाटा भाजीत मोजू नका, तो भाताच्या बाजूला धरा.

२. मटकी, मूग, चवळी, हरभरा, वाटाणा यांपैकी काहीतरी रोज. पिठलं, मुगाचं धिरडं, सोयाबीनच्या वड्या हेही चालतं. वरण पातळ न करता घट्ट वाढा.

३. पोह्यांत मोड आलेली मटकी आणि शेंगदाणे घाला, पोहे तेवढ्यानं कमी करा. चिवड्याऐवजी फुटाणे घ्या.

४. जवस, कारळ, तीळ, शेंगदाण्याची चटणी रोज ताटात असू द्या. पण चमचाभर, वाटीभर नाही.

५. आधी कोशिंबीर आणि उसळ, नंतर भात-पोळी. खाण्याचा क्रम बदलला तरी जेवणानंतरची शुगर कमी उसळते, असं छोट्या प्रयोगांमध्ये दिसलंय.

६. दूध सोडून वनस्पतीचं दूध घेत असाल तर डबीवरचं लेबल वाचा. सोया दुधात प्रोटीन चांगलं असतं, बदामाच्या दुधात बहुधा नावापुरतं. साखर घातलीय का तेही बघा.

भात-पोळी पूर्ण बंद करा, असं यात कुणीच म्हणत नाही. नव्यानं डायबेटीस झालेल्यांसाठीही इंडियाबच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सुचवलेलं प्रमाण ४९ ते ५४ टक्के कार्ब्सचं आहे. म्हणजे जवळपास निम्म्या कॅलरी तिथंही कार्ब्समधूनच धरल्यात.

आणि औषधाचं काय?

‘डायबेटीस रिव्हर्स’ हा शब्द रीलवर फार स्वस्त झालाय. डॉक्टर त्याला ‘रिमिशन’ म्हणतात. औषध न घेता किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिलं तर ते रिमिशन. ते होऊ शकतं. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या प्रयोगात २०१७ मध्ये ४६ टक्के लोकांना एका वर्षात ते जमलं. पण तिथं सुरुवातीचे काही महिने खूप कमी कॅलरीचे शेक आणि सूप दिले होते. तो व्हिगन आहार नव्हता. फायदा झाला तो वजन उतरल्यानं. पंधरा किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. डायबेटीस होऊन फार वर्षं न झालेले लोकच त्यात घेतले होते, हेही लक्षात ठेवा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना एकदम भात-पोळी तोडली, तर शुगर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गरगरणं ही त्याची लक्षणं. म्हणून ताट बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषध कमी करायचं ते त्यांनी, आकडे बघून. किडनीचा त्रास असेल तर डाळी आणि प्रोटीन स्वतःच्या मनानं वाढवू नका.

थोडक्यात काय, तर शाकाहार हा चांगला पाया आहे, पण तो विमा नाही. डाळी, भाज्या, दाणे आणि फळं हे सगळं आपल्या बाजारात पूर्वीपासून आहे. त्याचा फायदा शरीराला मिळायचा तर त्याला ताटात कडेची नाही, मधली जागा द्यावी लागेल. कोपऱ्यात जावं लागेल ते भात-पोळीला. आज जेवायला बसाल तेव्हा ‘यात मांस आहे का’ हे विचारून थांबू नका. ‘यात डाळ किती आहे’ हेही विचारा.